शेजारच्या सीटचा ब्रेक

आमची गाडी सत्तरच्या वर जात नाही. जाऊ शकते, इंजिनात अजून दम आहे. मी जाऊ देत नाही. बत्तीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवली आणि प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावलं, की पोचायचं सगळ्यांनाच असतं, आधी कोण पोचला हे वर गेल्यावर कुणी विचारत नाही. त्यामुळे मी हायवेला लागलो की माझ्यामागे रांग लागते. कुणी हॉर्न वाजवतो, कुणी मागून दिव्यांचा डिपर मारतो, कुणी शेजारून जाताना काच खाली करून माझ्या पूर्वजांची विचारपूस करतो. मी त्याला हात वर करून नमस्कार करतो. रागाला नमस्कार केला की पुढे काय करावं ते त्याला सुचत नाही.

"मागच्याला फार घाई झालीय," बायको म्हणाली.

"झाली असेल. मी कडेच्या लेनमध्ये आहे. शेजारी दोन लेन मोकळ्या पडल्यात."

"मग त्याला सांगा. मला काय सांगताय?"

सकाळचे पावणेआठ वाजले होते. शहर मागे टाकून तास झाला होता आणि मुलीचं घर अजून साडेतीनशे किलोमीटरवर होतं. गाडी तिच्याकडे पोचवायची होती, कायमची. क्लास मी गेल्या महिन्यात बंद केला. दोन गाड्या विकल्या, ही तिसरी मुलीने मागून घेतली. नात अठराची झाली होती आणि तिला शिकायचं होतं. "बाबा, दोन ब्रेकची गाडी मला कुठे मिळणार? ती विकू नका," मुलगी म्हणाली होती.

दोन ब्रेकची म्हणजे काय ते सांगतो. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायथ्याशीही एक ब्रेक असतो, मास्तरसाठी. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबतो. बाहेरून बघणाऱ्याला कुणी दाबला ते कळत नाही. गाडी थांबली, एवढंच दिसतं.

त्या सीटवर आज बायको बसली होती, आणि बसल्यापासून तिने दोन्ही पाय मागे ओढून, घोट्यात घोटा अडकवून सीटला चिकटवून ठेवले होते. एरवी ती मागे बसते. बत्तीस वर्षांत आमच्या कुठल्याच गाडीत ती पुढे बसलेली नाही. विचारलं तर म्हणायची, "चुकून पाय लागेल." पण आज मागच्या सीटवर तिचं शिलाई मशीन होतं, नातीसाठी घेतलेलं लिहायचं टेबल पाय वर करून आडवं पडलं होतं, आणि उरलेल्या जागेत खोकी. तिला पुढे यावंच लागलं.

"पाय आखडतील," मी म्हणालो. "सोड की मोकळे."

"बरे आहेत."

"अगं, सहज लागला तरी गाडी थांबत नाही. चांगला जोर द्यावा लागतो."

"माहितीय मला किती जोर द्यावा लागतो ते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

त्या दिवशी मला तिला एक गोष्ट सांगायची होती आणि मुलीचं फाटक यायच्या आत सांगायची होती. आठ दिवस मी त्या गोष्टीची मनात उजळणी करत होतो.

झालं होतं असं. आठ दिवसांपूर्वी ती फोनवर मुलीशी बोलत होती. मी आतल्या खोलीत चष्म्याची दांडी बसवत होतो. तिला वाटलं मी झोपलोय. "पोरीला शिकव, जरूर शिकव," ती सांगत होती. "पण यांच्याकडून नको. दुसरा क्लास लाव हवा तर." पलीकडून मुलगी काय म्हणाली कोण जाणे. ही म्हणाली, "कारण काही नाही. मी सांगते म्हणून."

आधी मला राग आला. गावभरच्या पोरांना हाताला धरून रस्त्यावर आणलं, कुणावर कधी आवाज चढवला नाही, आणि घरच्या नातीला दुसरा मास्तर? मग चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कारण मला दिसलं. ते कुठे गेलंच नव्हतं. मीच बत्तीस वर्षं तिकडे बघत नव्हतो.

क्लास सुरू होऊन तेव्हा दीड महिना झाला होता. एक गाडी, सात शिकाऊ आणि टपावर मीच रंगवलेली पाटी. दुपारी गाडी रिकामी असायची, तेव्हा मी बायकोला शिकवायचो. तिला शिकायचं होतं ते आईसाठी. आई एकटी, नव्वद किलोमीटरवर, आणि तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत. "मला एकदा चालवता आली की मी दर पंधरा दिवसांनी जाऊन येईन, तुम्हाला तोशीस नाही," ती म्हणायची. अठरा दिवसांत तिचा हात असा बसला की काय सांगू. क्लच सोडायची तो झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढावा तसा. एवढ्या वर्षांत तसा पाय मी दुसरा पाहिला नाही.

एकोणिसाव्या दिवशी मी तिला मोठ्या रस्त्यावर नेलं. तेव्हा तो दुपदरीच होता, मधे दुभाजक नव्हता. पुढे खडीचा ट्रक रांगत होता. तिने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी बाहेर काढली. समोरून बस येत होती, पण लांब होती. जागा भरपूर होती. हे मी आज सांगतोय. तेव्हा मला फक्त बस दिसली. मी ओरडलो आणि माझा पाय आपोआप खाली गेला, सगळ्या जोराने. ट्रकच्या बरोबरीने, भर रस्त्यात आमची गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणारी जीप आमच्यावर आदळली. बायकोचा ओठ स्टिअरिंगवर फाटला. तीन टाके पडले. खूण अजून आहे, हसताना दिसते.

लोक जमले. जीपवाला लाल होऊन विचारत होता, "मधेच ब्रेक कुणी मारला? कुणी मारला ब्रेक?"

आणि मी म्हणालो, "शिकाऊ आहे हो. बाई घाबरली."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलली नाही. ओठातून रक्त येतंय म्हणून बोलता येत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. मास्तरनेच ब्रेक मारला हे कळलं असतं तर सात शिकाऊ दुसऱ्या दिवशी आले नसते, हेही सांगितलं. माणूस स्वतःला सांगायला बसला की त्याला गोष्टी कमी पडत नाहीत. घरी आल्यावर तिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि पुन्हा कधी हातात घेतली नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ देवाने पदरात घेतलं असतं. मी थांबलो नाही. पुढच्या महिन्यात एका शिकाऊने विचारलं, "मास्तर, समोर गाडी दिसली आणि भीती वाटली तर?" तर मी म्हणालो, "भीती वाटली तरी ओव्हरटेक करताना मधेच ब्रेक मारायचा नाही. आमच्या बायकोने मारला होता, तीन टाके पडले." सगळे हसले. हसले की धडा लक्षात राहतो. मग तो माझा धडा पहिलाच होऊन बसला. दर महिन्याला नवी बॅच, दर बॅचला तीच गोष्ट. वर्षागणिक ती रंगत गेली. शेवटी शेवटी तर माझ्या गोष्टीतली बायको डोळे गच्च मिटून ब्रेक मारायची.

मला कीर्तनाचं वेड. त्यात एका बुवांनी एकदा सांगितलेलं, की देवाशी खोटं बोलता येत नाही, म्हणून माणूस बायकोशी बोलतो. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो होतो.

"ऐक ना," नदीवरचा पूल ओलांडल्यावर मी सुरुवात केली.

तेवढ्यात मागून ट्रकने असा हॉर्न दिला की काच थरथरली. तो मागेच चिकटला होता. मी अजून थोडं कडेला घेतलं, हात बाहेर काढून त्याला पुढे जायला सांगितलं. तो गेला, जाताना क्लीनरने दोन्ही हात जोडून दाखवले. ते नमस्कार म्हणून नव्हते.

"काय ऐकू?" बायकोने विचारलं.

"काही नाही. पाणी दे."

तिने बाटलीचं झाकण काढून बाटली दिली. मी प्यालो. पुढच्या टोलनंतर, असं ठरवलं. टोल आला आणि गेला. मग म्हटलं, तो लांबचा डोंगर बाजूला आला की. डोंगर बाजूला आला तेव्हा एक लाल गाडी आमच्या नाकाला घासून समोर घुसली आणि मी वेग पन्नासवर आणला, शांतपणे, जसा नेहमी आणतो.

"तुम्हाला राग कसा येत नाही हो?" ती म्हणाली.

"देवाची कृपा."

"हं," ती म्हणाली. तिच्या त्या 'हं'मध्ये कितीतरी खोल्या आहेत. चाळीस वर्षांच्या संसारात मी पहिल्या दोनच पाहिल्यात.

साडेअकराला आम्ही चहाला थांबलो. हायवेच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, गल्ल्याशेजारी तोंड धुवायची बेसिनं. बायको गाडीतून उतरली तेव्हा तिला क्षणभर उभं राहता येईना, पाय इतके आखडले होते. ती माझ्या खांद्याला धरून चालली. गेल्या दोन वर्षांत तिला काचबिंदू झालाय, पायरी असली की ती आधी पायाने चाचपते. चहा आला, टोस्ट आले. मी मनाशी म्हटलं, इथे सांगू. इथे हॉर्न नाही.

आणि तेवढ्यात मागून पाठीवर थाप पडली.

"मास्तर! ओळखलंत?"

चाळिशीचा, पोट सुटलेला, डोक्यावर काळा चष्मा. मी ओळखलं नाही, पण त्याची गाडी ओळखली. शेडसमोर उभी असलेली ती पांढरी मोठी गाडी तासाभरापूर्वी मला पाच मिनिटं डिपर मारत होती.

"मी तुमचा शिकाऊ हो. गिअर टाकताना खाली बघायचो, तुम्ही माझ्या मानेला पट्टा बांधला होतात! पुढे जाताना वाटलंच, एवढी सावकाश एकच माणूस चालवू शकतो."

"म्हणून डिपर मारत होतास होय?"

"तेव्हा ओळखलं नव्हतं ना! मीटिंग आहे दुपारी, घाई झालीय." मग त्याने बायकोकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "काकू ना? त्याच ना, डोळे मिटून मधेच ब्रेक मारणाऱ्या? अहो काकू, तुम्ही फेमस आहात. आमच्या बॅचला अजून आठवतंय. मी माझ्या बायकोला शिकवताना हेच सांगितलं, मास्तरांच्या बायकोसारखं करू नकोस!"

बायकोच्या हातात टोस्ट होता. तिने तो चहात बुडवला, बाहेर काढला आणि बशीत ठेवला.

"हो," ती म्हणाली. "मीच ती." आणि हसली. ओठावरची खूण दिसली.

"आणि तुमच्या बायकोला आली का गाडी?" तिने त्याला विचारलं.

"छे हो, सोडून दिली तिने. घाबरते." तो हसत माझ्या पाया पडला, चहाचे पैसे द्यायला लागला, मी दिले नाहीत, आणि त्याची पांढरी गाडी खडी उडवत निघून गेली.

आम्ही गाडीत येऊन बसलो. तिने पाय पुन्हा मागे ओढून घेतले. मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, रस्त्याला लागलो. दहा-बारा किलोमीटर गेले.

"सगळ्या बॅचना सांगायचात?" तिने विचारलं.

"हो."

"नाव घेऊन?"

"नाव नाही घेतलं कधी. 'आमची बायको' म्हणायचो."

"म्हणजे नाव घेऊनच."

माझी उजळणी केलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. सुरुवात कशी करायची, मधे काय म्हणायचं, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं मी ठरवलं होतं, पट्टीच्या बुवांसारखं. तोंडातून निघालं ते एवढंच: "तो ब्रेक तू नव्हता मारलास. मी मारला होता."

मागे कुणीतरी हॉर्नवर हात ठेवला होता, उचलतच नव्हता. स्पीडोमीटरकडे पाहिलं तर काटा चाळीसवर आला होता.

"माहितीय," ती म्हणाली.

"माहितीय?"

"माझा पाय ब्रेकवर नव्हताच. पायाला कळतं हो, आपण कुठे आहोत ते. गाडी थांबली तेव्हा मी अजून पुढे जायलाच दाबत होते."

"मग तू तिथेच का नाही बोललीस? चारचौघांत सांगायचं होतंस."

"क्लास बसला असता. पोरगी चौथीत होती." ती समोर बघत बोलत होती, दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तशी. "मला वाटलं, घरी गेल्यावर बोलाल. मग वाटलं, टाके निघाल्यावर बोलाल. आईच्या वेळी वाटलं, आता तरी."

आईच्या वेळचं तिने मला सांगायची गरज नव्हती. त्या अपघातानंतर चार महिन्यांनी, बुधवारी दुपारी निरोप आला होता, आई जास्त आहे म्हणून. गाडी दारात उभी होती. ही म्हणाली, आत्ता निघू. मी म्हणालो, उद्या आठ जणांची परीक्षा आहे, गाडी लागेल, परवा पहाटेच निघू. ती खिळ्यावरच्या किल्लीकडे बघत दोन मिनिटं उभी राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात होतो, मला दिसत होतं. मग तिने पिशवी उचलली आणि ती बसने गेली. दुसरी बस चुकली. ती पोचली तेव्हा तासाभरापूर्वी सगळं संपलं होतं. चालवत गेली असती तर दोन तासांत पोचली असती.

आठही जण पास झाले होते. मी पेढ्यासारखा आनंद वाटत घरी आलो होतो.

"बसमध्ये मी ठरवलं," ती म्हणाली, "की आता बोललात तरी मला नको. मग काही वाटेनासं झालं. लोक म्हणायचे, काकू, मास्तरांचा संयम म्हणजे काय सांगावं! मी म्हणायचे, हो ना." ती जराशी हसली. "तुमचा नुसता वेग कमी होता हो. वाट मी बघितली."

मला रस्ता नीट दिसेना. गाड्या थांबवायला कडेला जागा केलेली असते, तशी एक पुढे होती. तिथे मी गाडी आत घेतली, बंद केली. शेजारून गाड्या सूं सूं करत जात होत्या आणि प्रत्येक वेळी आमची गाडी थोडी हलत होती. इंडिकेटर बंद करायचा राहिला होता, तो टिक टिक करत होता. मी किती वेळ रडलो ते मला माहीत नाही. तिने मला थांबवलं नाही आणि धीरही दिला नाही. फक्त एकदा हात पुढे करून इंडिकेटर बंद केला. कांडी कुठे असते ते तिला शोधावं लागलं नाही.

"ये इकडे," मी दार उघडत म्हणालो. "तू बस. पुढे थोडा जुना रस्ता आहे, रिकामा असतो. मी शेजारी बसतो, पाय वर घेऊन बसतो. मांडी घालून बसतो हवं तर."

ती खरंच हसली. "सत्तरीला आलात, मांडी घालता येते का तुम्हाला?"

"चल ना."

"अहो, बाजूचं दिसत नाही मला," ती म्हणाली. "समोरचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्ही ऐकलंत ना? आरशात बघू म्हटलं तर आरसाच सापडत नाही." मग थोड्या वेळाने, "दोन वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर बसले असते. खोटं कशाला बोलू? बसले असते मी."

हे तिने रागाने म्हटलं असतं तर सोसलं असतं. दुकानात एखादी वस्तू परवाच संपली म्हणतात ना, तसं म्हणाली.

मी दार लावून घेतलं.

"चला," ती म्हणाली. "पोरगी फाटकात उभी असेल." आणि तिने पाय सरळ केले. चपला काढून तळवे खालच्या चटईवर टेकवले, ब्रेकच्या अगदी शेजारी, त्याला न लागता. घोटे चोळले. उरलेला रस्ता ती तशीच बसली. मी सत्तरने चालवत राहिलो, मागे हॉर्न वाजत राहिले, आणि नमस्कार करायला हात वर उचलायची मला लाज वाटायला लागली.

मुलगी फाटकात होतीच. नात गाडीभोवती दोनदा फिरली, टपावरून काढलेल्या पाटीची भोकं बघितली, सामान उतरायच्या आत स्टिअरिंगमागे बसली आणि तिथूनच ओरडली, "आजोबा, ती गोष्ट सांगा ना! आजीने डोळे मिटून ब्रेक मारला ती!"

"आत तर येऊ दे त्यांना," मुलगी म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "इथेच सांगतो."

फाटकाजवळच, हातात खोकं धरून, मी गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा जशी झाली तशी. गोष्ट फारच लहान निघाली. कुणी हसलं नाही. मुलगी ओट्याच्या पायरीवर बसली. अपघाताच्या दिवशी तिला शेजारणीकडे ठेवलं होतं आम्ही, आई ओठाला पट्टी लावून आली तेव्हा तिनेही विचारलं होतं, "आई, तू ब्रेक का मारलास?" हे तिला आता आठवलं असणार, कारण ती एकदम उठली आणि आत गेली. आतून नळाचं पाणी वाजायला लागलं, बराच वेळ.

"म्हणजे आजीला येत होतं चालवायला?" नातीने विचारलं.

"येत होतं," मी म्हणालो. "माझ्यापेक्षा चांगलं."

बायको मशीनचं झाकण छातीशी धरून उभी होती. पायरी चाचपण्यासाठी तिने एक पाय पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"आरसा पाहिला होता मी," ती म्हणाली. "दोनदा. ते राहिलं तुमचं."

"हो. आरसा पाहिला होता तिने, दोनदा. इंडिकेटरही दिला होता."

"आणि बस लांब होती."

"बस खूप लांब होती."

तिने मान हलवली आणि पायरी चढली.

नातीला मी शिकवलं नाही. कुणी नको म्हणालं नाही, पण बायकोने फोनवर सांगितलेलं मी ऐकलं होतं आणि त्यात बदल झालाय असं काही ती म्हणाली नाही. त्यांच्या गल्लीतली एक मास्तरीण आता तिला शिकवते. पोरीचा क्लच आजीवर गेलाय म्हणे.

तिसऱ्या दिवशी आम्ही बसने परतलो. बायको खिडकीशी बसली. ड्रायव्हर तरणा होता, हॉर्नवरचा हात काढत नव्हता. दीडशे किलोमीटर तरी मी खिडकीतून बाजूने जाणाऱ्या गाड्या बघत होतो. बत्तीस वर्षं, दर महिन्याला एक बॅच. दोन हजारांच्या वर माणसं. त्यातला कोण कुठल्या गाडीत आहे, कुठल्या रस्त्यावर आहे, कुणी आपल्या बायकोला काय सांगितलंय, कुणाची बायको किल्ली खिळ्याला अडकवून बसलीय, मला काय ठाऊक? त्यांना मी गाडी थांबवायला शिकवलं. आता ते थांबत नाहीत आणि मला एकाचाही पत्ता माहीत नाही.

"काय मोजताय?" बायकोने विचारलं. माझी बोटं हलत होती.

"काही नाही," म्हणणार होतो. जिभेवर आलंही होतं. मग मी तिला सांगितलं, काय मोजत होतो ते.

ती ऐकून घेत राहिली, समोर बघत. बाजूचं तिला दिसत नव्हतं.